बर्फावरच्या गाडीचे पिस्टन

दौंड,
ता. २६ नोव्हेंबर २००१

चि. मल्हारी,

आशीर्वाद लिहू की नको, इथंच माझी पाच मिनिटं गेली. लिहिला असं समज.

तुझं अंतर्देशीय गुरुवारी गॅरेजवर आलं. पोस्टमन म्हणाला, "आण्णा, हिमाचलाचं हाय. सफरचंदं मागावली का काय?" मी अक्षर ओळखलं आणि पत्र तसंच पान्ह्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. दुपारी काढलं, परत टाकलं. शेवटी शटर अर्धं ओढून घेतलं आणि खाली बसून वाचलं.

अकरा वर्षांनी भावाचं पत्र येतं आणि त्यात काय, तर पिस्टन. "आण्णांस नमस्कार. बर्फावर चालणारी गाडी आहे. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, एअर-कूल. पिस्टन गेलेत. नवे ओतीव घ्यावेत की फोर्ज, आणि पिस्टन-सिलिंडरमधली गॅप किती ठेवावी ते कळवा." खाली ब्लॉकचं चित्र, मापं, मनालीच्या कुठल्या दुकानाचा पत्ता, की संपलं. कसा आहेस, कुणाकडे जेवतोस, लग्न केलंस का, काही नाही. आमची चौकशी तर नाहीच. मी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, घडीच्या आतल्या कडेला काही लिहिलंय का तेही पाहिलं. तिथं फक्त तुझ्या अंगठ्याचा ग्रीसचा डाग होता.

मला काही उमगत नाही. या गाडीला पुढं चाकाच्या जागी दोन फळ्या आहेत आणि मागं पट्टा फिरतो, असं चित्रावरून वाटतं. चांगदेवला दाखवलं. तुला चांगदेव आठवत असेल, माझ्या लेथवर बसायचा तो. आता कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला आहे, पण सुट्टीला अजून येऊन बसतो. तो म्हणाला, "आण्णा, ही तर वखराला फटफटीचं इंजान लावल्यावानी दिसतीया." त्यापेक्षा जास्त मलाही समजलं नाही. मला बर्फ माहीत आहे तो कारखान्यातून भुशात गुंडाळून येणाऱ्या लादीचा. त्या लादीवर गाडी का चालवायची आणि ती घसरत कशी नाही, हे तू कधीतरी लिही.

एक ओळ मात्र मी चार वेळा वाचली. "रस्ता बंद झाला की वरच्या वाडीला औषधं याच गाडीवरून मी नेतो. मधे पंधरा किलोमीटर एकही घर नाही. तिथं इंजिन बंद पडून चालत नाही." म्हणजे इंजिन जाम झालं तर तू बर्फात एकटा. असंच ना? मग एवढ्या जोखमीचं मला का विचारलंस? अख्ख्या हिमालयात दुसरा मिस्त्री मिळाला नाही का?

मागचं मी मनातून काढून टाकलं आहे. तात्याबाच्या गाडीत पेट्रोल भरताना तू ऑईल मिसळायला विसरलास, इंजिन जाम झालं, त्याचा पाय निकामी झाला. मी चारचौघांत तुझ्यावर हात टाकला. तुझंही चुकलं, माझंही चुकलं. आता त्याचं काय एवढं.

आईला पत्राचं अजून सांगितलेलं नाही. ती वडगाव रासाईलाच असते, तीन शेळ्या ठेवल्यात. सांगितलं की पहिलं विचारणार, "येवढ्या वर्सानं का लिवलं त्यानं?" आणि मला तेच तर कळत नाही.

पिस्टनचं बघून कळवतो. तोवर इंजिनला हात लावू नकोस.

ज्ञानदेव


दौंड,
ता. ४ डिसेंबर २००१

मल्हारी,

काल पुण्याला नाना पेठेत जाऊन आलो, फक्त तुझ्या पिस्टनसाठी. तुझी वहिनी गिता म्हणाली, "आवो, त्यांनी पत्रात विचारलंय तर पत्रात सांगा, त्यासाठी पुन्याला कशाला?" पण हातात धरल्याशिवाय मी आजवर कुणाला पिस्टन सांगितलेला नाही.

दोन दुकानं हिंडलो. "बर्फावरच्या गाडीचा" म्हणालो की लोक माझ्या तोंडाकडे बघायचे. एक जण म्हणाला, "बसा काका, चहा घ्या आधी." शेवटी तिसऱ्या दुकानात तुझ्या मापाच्या जवळपासचे दोन मिळाले, एक ओतीव, एक फोर्ज. दोन्ही तळहातावर घेऊन उभा राहिलो. ओतीव म्हणजे साच्यात ओतलेला, तो कडेला चिरतो. फोर्ज म्हणजे दाबून घडवलेला, वजनाला भारी, तुटायचं नाव नाही. तुला जिथं जायचं आहे तिथं तुटलेला पिस्टन बदलायला कोण येणार? म्हणून फोर्ज. दोन्ही सिलिंडरला फोर्जच घे.

बांधून देताना दुकानदार म्हणाला, "काका, फोर्जला गॅप जादा लागते हां." मी ऐकून घेतलं. तीस वर्षं ब्लॉक बसवणाऱ्याला पेढीवर बसून गॅप शिकवायला निघाला.

आता गॅपचं. माझं थंडीचं फिटिंग तू विसरला नसशील. उन्हाळ्यात सैल, थंडीत अर्धा थाऊ घट्ट. (थाऊ म्हणजे काय हे गिता आत्ता विचारत होती. इंचाचे हजार भाग करायचे, त्यातला एक. तुला माहीत आहेच.) या फिटिंगसाठी पाटसपासून लोक गाड्या घेऊन यायचे, अजून येतात. थंडीत पिस्टन आकसतो, सैल बसवला की खडखड वाजतो आणि गाडी ओढत नाही, एवढा साधा हिशेब. आपल्याकडच्या थंडीला मी अडीच ठेवतो. तुमच्याकडे शून्याच्या खाली वीस म्हणतोस. शून्याच्या खाली म्हणजे नक्की काय ते माझ्या डोक्यात बसत नाही, पण आपल्यापेक्षा जास्त गार एवढं तर खरं. तेव्हा दोन ठेव. दोन थाऊ, वर एक केससुद्धा नको. फीलर गेजचं पातं आत गेलं पाहिजे पण बाहेर काढताना हाताला कळलं पाहिजे.

लिहिलं खरं, पण पाकीट चिकटवून परत उघडलं. मनात काहीतरी सलतंय आणि काय ते सापडत नाही. हिशेब तर बरोबर आहे. तू एवढ्या लांबून माझंच माप मागितलंस म्हणजे तुझाही त्या हातावर भरवसा असणार. की तसं नाही? का विचारलंस, ते अजूनही कळलेलं नाही.

येताना कासुर्डीवरून आलो. तात्याबा हायवेला टपरी चालवतो, पान आणि चहा. पाय वाकत नाही, तो पुढं स्टुलावर टाकून बसतो. त्या बाजूला मी बघत नाही. दुपारचं ऊन त्या बाजूनं येतं, डोळ्यांना त्रास होतो.

पोहोचल्याचं लिही.

ज्ञानदेव


दौंड,
ता. १६ डिसेंबर २००१
(रजिस्टर्ड)

मल्हारी, आधी एवढंच वाच. पिस्टन दोन थाऊवर बसवू नकोस. बसवले असशील तर काढ. गाडी बाहेर काढू नकोस.

आजच तारही केली आहे. तार ऑफिसातला माणूस माझा चेहरा बघून म्हणाला, "कोन गेलं, आण्णा?" मी म्हणालो, अजून कुणी नाही. त्यानं मजकूर वाचला, 'पिस्टन टाइट मत बैठाना, गाडी मत निकालना', आणि म्हणाला, "असली तार मी पैल्यांदा पाठवतोय." मी म्हणालो, मीही.

झालं असं. चांगदेव आला होता. त्याला मी आपला फोर्ज आणि दोन थाऊ असं ऐटीत सांगितलं. तो कान खाजवत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं एक भांडं हाय आण्णा. आत उकळतं आन् भायेरनं बर्फावानी गार पानी फिरवत्यात. सायेब सारखं वरडतो, एकदम गार करू नका. आतलं फुगलेलं असतं आन् भायेरचं आकसतं, मंग भांडं तडकतं." मी त्याला म्हणालो, भांडं वेगळं, इंजिन वेगळं. तो बरं म्हणाला आणि विषय सोडला. पण माझा सुटेना. सिलिंडरला बाहेरून बर्फाचा वारा लागणार, तो आकसलेलाच राहणार. पिस्टन मात्र आत जाळात. त्याला बाहेर थंडी आहे की ऊन, कोण सांगणार? तो फुगणारच, आपल्याकडे फुगतो तेवढाच. मग थंडीत गॅप वाढते की कमी होते? मी तीस वर्षं उलट धरून बसलो होतो का? विचार केला की तेच बरोबर वाटायचं, पुन्हा केला की हेच. दोन दिवस कामात लक्ष नव्हतं, एकाच्या स्कूटरला क्लचची केबल दोनदा टाकली.

शेवटी म्हटलं, करूनच बघू. भंगारातलं एक जुनं इंजिन टेबलाला बोल्टनं आवळलं, नाना पेठेतून आणलेल्या फोर्जच्या मापाचा बोअर मारला, दोन थाऊवर बसवला. बर्फाच्या दोन लाद्या आणल्या, फोडून पोत्यात भरल्या, पोती सिलिंडरभोवती बांधली. गॅरेजसमोर जाणारा-येणारा थांबायला लागला. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीनं इंजानाला ताप आला म्हून पट्ट्या ठिवल्यात." गिता पदर तोंडाला लावून आत गेली. मी किक मारली आणि लगेच पूर्ण ॲक्सिलरेटर दिला, तू बर्फात देशील तसा.

तीन मिनिटं. हसणारे हसत होते तेवढ्यात इंजिननं बारीक किंकाळी मारली आणि जागेवर थांबलं. किक खाली जाईना.

मग दुसरा ब्लॉक, तोच फोर्ज पॉलिश पेपरनं घासून, पाच थाऊ. हा पहिली दहा मिनिटं हळू चालवला आणि मग ताणला. लाद्या वितळून पाणी गटारात गेलं तरी चालत होता. तेव्हा आता नीट लिहून घे. फोर्ज असेल तर पाच. ओतीव असेल तर साडेतीन. आणि गाडी सुरू करून जागेवर दहा मिनिटं तरी चालू दे, सिलिंडर हाताला गरम लागल्याशिवाय माणूस बसवायचा नाही, ओझं टाकायचं नाही.

घासायच्या आधी तो जाम झालेला पिस्टन नीट बघितला होता. ऑईल कमी पडलं की पिस्टन सगळीकडून घासतो, तुला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. चार कोपऱ्यांना चार उभे ओरखडे, मधली जागा स्वच्छ. असे ओरखडे मी आधी कुठंतरी बघितले आहेत, कुठं ते आठवत नाही.

तार मिळाली की उलट तार कर. दोन शब्द कर, पण कर.

ज्ञानदेव


दौंड,
ता. २३ डिसेंबर २००१

मल्हारी,

तुझी तार आली नाही. मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. कुठं बघितले ते मला आठवतं. त्या टेबलापाशी उभा होतो तेव्हाच आठवलं होतं, पण हात लिहीना.

तात्याबाच्या लाल फटफटीत बघितले होते. नव्वदचा डिसेंबर. इंजिन मी बांधलं होतं, माझं नावाजलेलं थंडीचं फिटिंग. त्याला सकाळी यवतला लग्नाला पोचायचं होतं, उजाडायच्या आत येऊन उभा राहिला. तू टाकीत पेट्रोल भरलंस, त्यानं किक मारली आणि थंड इंजिनवरच हायवेला जोरात काढली. पाटसजवळ मागचं चाक जाम झालं. पुढचं तुला माहीत आहे.

तुला माहीत नाही ते लिहितो. गाडी टेम्पोत घालून आणली तेव्हा तू दवाखान्यात होतास, त्याच्या उशाशी. मी एकट्यानं इंजिन उघडलं. चार ओरखडे. मग टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं. बोटांमध्ये चोळलं, वास घेतला. ऑईल होतं, मल्हारी. तू घातलं होतंस.

मी झाकण लावून टाकलं. ऑईल असताना इंजिन जाम कसं झालं हे मला खरंच कळेना. आणि माझा हात चुकला असेल हे डोक्यात येतच नव्हतं, तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी हसलो असतो. तेवढ्यात तात्याबाचे चुलते दारात आले. "कुनाची चूक?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तुझं नाव कधी तोंडातून गेलं ते मला कळलंच नाही, आणि एकदा गेल्यावर मागं घेता येईना. तू आलास आणि म्हणालास, "आण्णा, मी घातलं व्हतं." दोनदा म्हणालास. मग मी तुझ्या मुस्काटात मारली. तिसऱ्यांदा तू काही म्हणाला नाहीस, नुसता टाकीकडे बघत राहिलास. दुसऱ्या दिवशी तू नव्हतास. तो पिस्टन मी भीमेच्या पुलावरून खाली टाकला.

ही अकरा वर्षं मी काय समजत होतो, ते मलाच नीट सांगता येत नाही. कधी वाटायचं, तू विसरलाच असशील, बोटाला लागलं ते आधीचं टाकीत राहिलेलं असेल. हे इतक्या वेळा वाटून घेतलं की ते खरंच वाटायला लागलं होतं. पहिल्या पत्रात तुला "विसरलास" लिहिलं तेव्हा हात अडला नाही. आता त्या ओळीची लाज वाटते. एवढी लाज मला कशाचीच वाटली नव्हती.

शुक्रवारी कासुर्डीला गेलो. या वेळी ऊन नव्हतं, आणि कधीच नसायचं, तेही एक खोटंच होतं. टपरीवर दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. मग सगळं सांगितलं. तात्याबा कात लावत होता, त्याचा हात थांबला नाही. पान बांधून झाल्यावर म्हणाला, "ज्ञानू, पाय माझा गेला त्यो गेला. गाडी मी बी गार इंजानावर पळिवली व्हती. पन अकरा वर्सं मी त्या पोराला शिव्या दिल्या. उठता बसता दिल्या. त्या कुनी परत घ्यायच्या?"

मी म्हणालो, मला दे.

"तुला द्यायला आता जोर न्हाई राह्यला," तो म्हणाला. "त्याला कळीव. मला सांगून तुला हलकं वाटत असंल, माझं काय?" मला हलकं वाटलंच नव्हतं. पान त्यानं माझ्या हातात ठेवलं. मी ते घरापर्यंत तसंच आणलं.

तिथून वडगाव रासाईला गेलो आणि आईला तुझं पत्र दाखवलं. तिला वाचता येत नाही, तिनं चित्रावरून बोट फिरवलं. मग मी टाकीचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला हाकलून देईल. ती म्हणाली, "मला ठावं हाय. जायच्या आदी त्यो माझ्याकडं आल्ता. आई, मी घातलं व्हतं म्हनला. माझा इस्वास व्हता त्याच्यावर." मी विचारलं, मग तू का बोलली नाहीस. शेळीला पाला टाकत म्हणाली, "घर तुझ्यावर चालत व्हतं, ज्ञानू." आणि दुसऱ्या शेळीकडे वळली.

म्हणजे तुझ्या बाजूनं खरं माहीत असणारी दोन माणसं घरात होती आणि दोघंही गप्प बसली.

तुझं काही कळत नाही म्हणून जीव थाऱ्यावर नाही. तू का विचारलंस हा प्रश्न आता मला पडत नाही. फक्त एवढं कळव की गाडी काढली नाहीस.

तुझा भाऊ,
ज्ञानदेव


दौंड,
ता. १० जानेवारी २००२

मल्हारी,

तुझं पत्र काल मिळालं. कुल्लूच्या दवाखान्यातून लिहिलेलं, २८ डिसेंबरचं. त्यात माझ्या तारेचा उल्लेख नाही, त्या दोन पत्रांचाही नाही. म्हणजे ती मनालीच्या दुकानातच पडून आहेत आणि तू ती बघितलेली नाहीस. तुला मिळालं ते एकच पत्र, दोन थाऊचं.

तुझं पत्र मी गिताला वाचून दाखवलं, चांगदेवला दाखवलं आणि मग एकटा वाचत बसलो. तू लिहितोस, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे फोर्ज घेतले, दोन ठेवले. इथले मिस्त्री पाच सांगत होते. दोन ऐकून हसले. मी म्हणालो, आमच्या आण्णांचं माप आहे, तुमचं तुमच्याकडे ठेवा." हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. तुला बरोबर माप माहीत होतं. चार माणसं तोंडावर सांगत होती. आणि ज्यानं तुला चारचौघांत मारलं त्याच्या मापावर तू निघालास.

मग सातव्या किलोमीटरला जाम. आठ किलोमीटर बर्फातून पायी, पाठीवर औषधांची पेटी. "औषधं वेळेत पोचली. उजव्या पायाची दोन बोटं काढली. बाकी ठीक आहे." असं लिहितोस, जसं काही स्पार्क प्लग बदलला.

आणि शेवटी ते. तुझेच शब्द उतरवतो, नाहीतर मी पुन्हा वेगळं काही वाटून घेईन. "तुमच्या मापाला दोष नाही, आण्णा. माझ्याकडूनच ऑईल कमी पडलं असणार. तेव्हासारखंच. घातल्याचं मला आठवतं, पण तेव्हाही आठवत होतं. माझ्या आठवणीवर माझा भरवसा राहिलेला नाही. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

मी गेले दीड महिने डोकं फोडत होतो की तू मला का विचारलंस. मला वाटलं माझी परीक्षा घेतोयस. मला वाटलं सूड आहे. कधी वाटलं, हाताची आठवण आली असेल. तू तर खरोखर एवढ्यासाठी विचारलंस की तुझा स्वतःवर विश्वास नाही. तो मी काढून घेतला होता आणि तुला माहीतही नव्हतं.

उद्याच्या झेलम एक्स्प्रेसनं निघतोय. ही गाडी दौंडला थांबताना मी आयुष्यभर बघितली, कधी चढलो नव्हतो. आई बरोबर येते म्हणून हटून बसली होती. तिला म्हणालो, तिथं शून्याच्या खाली वीस असतं. ती म्हणाली, "म्हंजी किती?" मला सांगता आलं नाही, म्हणून ती बांधाबांध करून बसली आहे. तात्याबाला निरोप दिला होता. त्यानं चांगदेवकडे सांगून पाठवलं, "त्याला म्हनावं, मी शिव्या देनं बंद केलंय."

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. खिशात घेऊन येतोय. समोरासमोर बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून काय निघतं ते तू एकदा पाहिलं आहेस. तिथं तुझ्या खाटेशी उभा राहून मी पिस्टनचं, हवेचं, प्रवासाचं काहीतरी बोलत बसेन. तसं व्हायला लागलं की हे तुझ्या हातात देईन. तू बाकी सगळं सोडून आधी पुढच्या दोन ओळी वाच, आणि मी बघत असताना वाच.

दवाखान्यातून सुटलास की दोन माणसं बरोबर घे आणि त्या गाडीच्या टाकीत बोट बुडवून बघ. ऑईल असेल.

तात्याबाच्या टाकीतही होतं. तू विसरला नव्हतास, मल्हारी.

ज्ञानदेव